टीव्ही बदलायचा की आहे तोच ठेवायचा? मुंबईतल्या घरासाठी पायरी-पायरीनं

गणपती झाले की घराघरांत टीव्हीचा विषय निघतो. दसरा-दिवाळीच्या ऑफर यायला लागतात, मुलं ओएलईडीचा हट्ट धरतात आणि आई-बाबा म्हणतात, ‘हा चांगला चाललाय की, कशाला बदलायचा?’ दुकानात जावं तर क्यूएलईडी, मिनी एलईडी, क्यूडी-ओएलईडी अशी नावं कानावर आदळतात आणि समोरचा सेल्समन त्यातलं सगळ्यात महाग तेच तुम्हाला कसं योग्य आहे ते सांगत असतो.

आमच्या मुलुंडच्या घरचा टीव्ही बदलताना मी या सगळ्यातून गेलोय. नंतर मावशीकडे आणि सोसायटीतल्या काही घरांतही टीव्ही निवडताना बरोबर होतो. त्यातून माझं मत पक्कं झालंय की हा निर्णय दुकानात घ्यायचाच नाही. तो घरी, आपल्या हॉलमध्ये घ्यायचा आणि दुकानात फक्त खात्री करायला जायचं. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमानं करा. पहिल्या तीन पायऱ्यांतल्या तपासणीला एक रुपयाही लागत नाही, आणि कित्येक घरांत तिथेच विषय संपतो.

हाताशी एवढं ठेवा: मोजायची टेप, जुनी वर्तमानपत्रं आणि चिकटपट्टी, एक पेनड्राइव्ह, आणि सध्याच्या टीव्हीचा रिमोट.

१. आधी जुन्या टीव्हीचं नेमकं काय बिघडलंय ते पाहा

‘चित्र चांगलं दिसत नाही’ ही तक्रार असेल तर सेट टॉप बॉक्सच्या मागे हात घाला. तिथून लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन पिनांची वायर टीव्हीला गेलीय का? असेल तर तुमचा फुल एचडी टीव्ही इतकी वर्षं साधं एसडी चित्र दाखवतोय, कारण त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. एचडीएमआय केबल काही शे रुपयांत मिळते. बॉक्सही एसडीच असेल तर केबलवाल्याकडून किंवा डिशवाल्यांकडून एचडी बॉक्स घ्या आणि पॅकमध्ये तुमची नेहमीची चॅनल एचडीची आहेत ना ते बघा. मावशीकडे एवढंच केलं आणि टीव्ही बदलायचा विषय बंद झाला.

मग सेटिंगमध्ये जा. ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड लागलेला असेल तर तो काढून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटेल. दोन-तीन दिवसांत डोळे सरावतात आणि मग जुना मोड भडक वाटायला लागतो.

टीव्ही हळू चालत असेल, अ‍ॅप अडकत असतील, तर त्यात पडद्याचा दोष नाही, आतला प्रोसेसर जुना झालाय. मागे स्ट्रीमिंग स्टिक (अ‍ॅप चालवणारं, एचडीएमआयमध्ये खोचायचं छोटं उपकरण) लावली की तोच टीव्ही नव्यासारखा पळतो. संवाद ऐकू येत नसतील तर साउंडबार घ्या. बारीक पट्टीच्या नव्या टीव्हीत चांगले स्पीकर बसायला जागाच नसते, त्यामुळे टीव्ही बदलून आवाजाची तक्रार सहसा सुटत नाही.

आवाज येतोय पण पडदा काळा? मेकॅनिकला फोन करण्याआधी खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ नेऊन तिरका धरा. त्या उजेडाच्या गोलात चित्र पुसटसं हलताना दिसलं तर पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, शाबूत आहे, मागच्या एलईडी पट्ट्या गेल्यात. त्या बदलून मिळतात आणि खर्च नव्या टीव्हीच्या मानानं थोडा असतो. काहीच दिसलं नाही तर दोष बोर्डात किंवा पॅनलमध्ये असू शकतो. पॅनलच फुटलं असेल किंवा त्यावर उभ्या रेघा आल्या असतील, तर मात्र दुरुस्ती बहुतेक वेळा परवडत नाही, कारण पॅनल म्हणजेच टीव्हीची निम्म्याहून अधिक किंमत.

२. घरात काय आणि किती तास पाहिलं जातं ते लिहून काढा

आठवडाभर फ्रिजवर एक कागद लावा. कोण, काय, किती तास पाहतं, आणि ते केबलवर की अ‍ॅपवर, एवढंच लिहायचं. आठवण्यापेक्षा लिहिणं का, तर आपला अंदाज फार चुकतो. आपण शनिवारचा सिनेमा डोळ्यांसमोर ठेवून टीव्ही निवडतो आणि तो चालतो मात्र दुपारी पुनःप्रसारणावर, संध्याकाळी मालिकांवर आणि मधल्या वेळेत बातम्यांवर.

केबल आणि डिशवर बहुतेक चॅनल एसडी किंवा एचडी असतात. ४केचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेलच्या (चित्राच्या ठिपक्यांच्या) चित्राचा, खरा उपयोग स्ट्रीमिंगला आणि गेमिंगला. त्यातही अट आहे: नेटफ्लिक्सवर ४के फक्त वरच्या प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं, खालच्या प्लॅनवर कितीही महाग टीव्ही लावला तरी ४के येणार नाही. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ४केसाठी १५ एमबीपीएसचा वेग हवा आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. घरात फायबर असेल तर हे सहज जमतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. फायबरचा राउटर आतल्या खोलीत असेल तर लॅन केबल ओढून घ्या, मधल्या भिंती वायफाय खातात.

कागदावर सत्तर-ऐंशी टक्के केबल दिसत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एसडी चॅनल मोठ्या पडद्यावर अधिक वाईट दिसतं. ३२ इंचावर जे चालून जायचं, ते ६५ इंचावर धुरकट, फाटल्यासारखं दिसतं. चांगल्या कंपन्यांचे प्रोसेसर त्यात थोडी सुधारणा करतात, पण जे चित्रात नाहीच ते कुठून आणणार?

३. हॉल मोजा

आता टेप काढा. सोफ्यावर नेहमीसारखे टेकून बसा आणि डोळ्यांपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. मुंबईतल्या वन बीएचकेत ते साधारण सात ते नऊ फूट भरतं.

साध्या नजरेचा माणूस ठरावीक अंतरापलीकडून बारकावे टिपू शकत नाही. गणित करून पाहिलं तर ४३ इंची टीव्हीवर फुल एचडी आणि ४के यांतला फरक साडेपाच फुटांच्या पुढे दिसेनासा होतो, ५५ इंचीवर सात फुटांच्या आणि ६५ इंचीवर साडेआठ फुटांच्या पुढे. म्हणजे आठ फुटांवर बसून ४३ इंची फुल एचडीच्या जागी ४३ इंची ४के घेतला, तर रेखीवपणात काहीही मिळवलं नाही. तोच पैसा एक साइज वर जायला किंवा चांगल्या पॅनलला घाला. आठ फुटांवरून ५५ इंच सुखाचा वाटतो. सिनेमे खूप बघत असाल तर ६५ही चालेल.

कागदावरच्या इंचांवरून मोठेपणाचा अंदाज येत नाही, म्हणून वर्तमानपत्रं जोडून भिंतीवर चिकटवा: ४३ इंचासाठी ९५ बाय ५४ सेंटीमीटर, ५५ साठी १२२ बाय ६९, ६५ साठी १४४ बाय ८१. दोन दिवस तो कागद तसाच राहू द्या. स्विचबोर्ड झाकला जातोय का, देवघराच्या आड येतंय का, कपाटाचं दार आपटतंय का, सगळं आपोआप कळतं. कागदाचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास आणा. दाराच्या चौकटीइतक्या उंचीवर टीव्ही टांगायची पद्धत मानेला फार महागात पडते.

आता बाजूच्या जागांचं बघू. आपल्या घरांत समोरच्या सोफ्यावर दोघं-तिघं, एक जण बाजूच्या दिवाणावर, आजी खुर्चीत आणि स्वयंपाकघराच्या दारातून कोणीतरी उभ्यानं पाहतंय, असंच असतं. एलसीडी पॅनल दोन प्रकारचे असतात. व्हीए पॅनलचा काळा रंग समोरून गडद दिसतो, पण बाजूला सरकलात की रंग फिकट पडतात. आयपीएस पॅनल बाजूनं चांगलं दिसतं, पण अंधारात त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. ओएलईडी (तो काय असतो ते चौथ्या पायरीत) दोन्हीकडून उत्तम. तुमच्या घरात किती जण तिरके बसून पाहतात, यावर हा निर्णय ठरतो आणि दुकानात हे कोणी विचारत नाही.

दुपारी चार वाजताही एकदा बघा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येतं का? बंद टीव्हीच्या काळ्या काचेत खिडकी स्वच्छ दिसत असेल, तर नव्या टीव्हीतही ती दिसणारच. अशा हॉलला भरपूर ब्राइटनेस लागतो.

आणि भिंत. ज्या भिंतीवर टीव्ही लावायचा ती इमारतीची बाहेरची भिंत असेल, तर पावसाळ्यात तिला ओल येते का ते आठवा. रंगाचे पोपडे निघालेत, हात लावल्यावर गार आणि दमट वाटतंय, कोपऱ्यात बुरशीचे ठिपके आहेत, अशा भिंतीला टीव्ही चिकटवून टांगू नका. मागच्या बंद जागेत ओल साचते आणि बोर्ड गंजतात. समुद्राजवळच्या इमारतींत खारी हवा त्यात भर घालते. आधी वॉटरप्रूफिंग करा किंवा टेबल-स्टँडवर टीव्ही ठेवून मागे वीतभर जागा सोडा. वरळी, वर्सोवा, दादर चौपाटी भागातल्यांनी हे विशेष मनावर घ्यावं.

४. नावांचा गुंता सोडवा

‘एलईडी टीव्ही’ म्हणून जो विकला जातो तो मुळात एलसीडी. पुढे रंगीत पडदा, मागे एलईडीचा उजेड. खिडकीचं दार कितीही घट्ट लावलं तरी फटीतून उजेड आत येतोच, तसा हा मागचा उजेड काळ्या दृश्यातही थोडा झिरपतो. म्हणून रात्रीचं दृश्य करडं दिसतं. पुढची सगळी तंत्रं या झिरपणाऱ्या उजेडावरचे उपाय किंवा रंगांतल्या सुधारणा आहेत.

क्यूएलईडी म्हणजे त्याच एलसीडीत क्वांटम डॉटचा, म्हणजे रंग शुद्ध करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा थर. रंग खुलतात, काळा रंग मात्र सुधारत नाही. नाव ओएलईडीसारखं ऐकू येतं म्हणून अनेक जण फसतात. स्वस्त क्यूएलईडी घेणार असाल तर तो चांगल्या रंगांचा साधा एलईडी आहे असं समजून घ्या, तेवढ्याच अपेक्षेनं.

मिनी एलईडीत मागे हजारो बारीक दिवे असतात आणि त्यांचे गट वेगवेगळे मंद करता येतात. या गटांना लोकल डिमिंग झोन म्हणतात. टीसीएलनं २०१९मध्ये असा टीव्ही आणला, आता बहुतेक कंपन्यांकडे आहे. ब्राइटनेस जबरदस्त, काळा रंगही बराच चांगला. पण ४के पडद्यावर ८३ लाख पिक्सेल असतात आणि झोन असतात काही शे किंवा काही हजार. त्यामुळे काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल आली की अक्षरांभोवती उजेडाचं कडं दिसू शकतं. झोन जितके जास्त, तितकं हे कमी. म्हणून ‘मिनी एलईडी आहे’ एवढ्यावर थांबू नका, किती झोन आहेत ते विचारा. आकडा सांगता येत नसेल तर बहुधा तो फार अभिमानानं सांगण्यासारखा नाही.

ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा. एलजीनं २०१३मध्ये ५५ इंची ओएलईडी बाजारात आणला. २०२२मध्ये सॅमसंग आणि सोनीनं क्वांटम डॉट जोडलेला क्यूडी-ओएलईडी आणला. त्याचे रंग अधिक तेजस्वी, पण दिवसा खोलीत उजेड असला की त्याचा काळा रंग किंचित जांभळट-करडा दिसतो. भरपूर खिडक्या असलेल्या हॉलसाठी हे ध्यानात ठेवा.

आरजीबी मिनी एलईडी हे सगळ्यात नवं. मागचे दिवेच लाल-हिरवे-निळे. २०२५मध्ये हायसेन्सनं ११६ इंचांचा आणि सॅमसंगनं ११५ इंचांचा असा टीव्ही दाखवला. एवढा टीव्ही मुंबईतल्या किती हॉलमध्ये मावेल? हे तंत्र लहान आकारांत, परवडेल अशा किमतीत रुळेपर्यंत त्यासाठी खोळंबून राहण्याचं कारण मला दिसत नाही.

५. ओएलईडी घेणार असाल तर हे दोन सापळे

हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे लागतात. त्याच आकाराच्या साध्या ४के एलईडीच्या साधारण दुप्पट-तिप्पट किंमत असते. ४२ आणि ४८ इंचांतही ओएलईडी मिळतो, पण ५५ इंचाच्या मानानं किंमत फारशी उतरत नाही.

पहिला सापळा डागांचा. ओएलईडीचे पिक्सेल वापरानं झिजतात. पडद्याचा एकच भाग तासन् तास, महिनोन् महिने उजळ राहिला तर तो इतरांपेक्षा लवकर झिजतो आणि तिथे कायमचा ठसा उमटतो, यालाच बर्न-इन म्हणतात. आपल्या बातम्यांच्या चॅनलचा पडदा डोळ्यांसमोर आणा: खाली लाल-पिवळ्या पट्ट्या, कोपऱ्यात लोगो, बाजूला घड्याळ. सगळं जागच्या जागी, भडक रंगांत, दिवसभर. घरात बाबांचा टीव्ही सकाळपासून बातम्यांवर लागलेला असेल, तर मी त्या घराला ओएलईडी सुचवत नाही. नव्या पॅनलमध्ये बचावाच्या सोयी खूप सुधारल्यात आणि मिश्र वापर असेल तर काळजीचं फारसं कारण नाही. पण दुसऱ्या पायरीतल्या कागदावर रोज पाच-सहा तास एकच न्यूज चॅनल दिसत असेल तर मिनी एलईडी घ्या. वॉरंटीत बर्न-इन धरलंय की वगळलंय हेही घेण्याआधी छापील शब्दांत वाचा.

दुसरा सापळा मेन बटणाचा. रात्री झोपताना सगळी बटणं भिंतीवरून बंद करायची आपल्याकडे चांगली सवय असते. पण ओएलईडी टीव्ही साधारण चार तासांचा वापर झाला की रिमोटनं बंद केल्यावर स्टँडबायमध्ये स्वतःचे पिक्सेल समतोल करतो. तुम्ही लगेच मेन बंद केलं की ते काम राहून जातं, आणि रोज राहत गेलं तर ठसे आणि पट्टे दिसायची शक्यता वाढते. म्हणून आधी रिमोटनं बंद करा, किमान पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग हवं तर बटण दाबा. घरातल्या सगळ्यांना सांगा. बटणाशेजारी चिठ्ठी लावली तर उत्तम.

रात्री दिवे मालवून सिनेमे आणि वेब सिरीज पाहणारं घर, बातम्या थोड्या, बाजूनं बघणारे बरेच: अशा घरात ओएलईडीला तोड नाही. तिथे पैसे वसूल होतात.

६. डब्यावरचे आकडे

हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. ‘१२० हर्ट्झ’ लिहिलेलं असेल तर विचारा, हा पॅनलचा मूळ वेग आहे का? बरेचदा पॅनल ६० हर्ट्झचं असतं आणि मोठा आकडा सॉफ्टवेअरचा. ‘मोशन रेट’ नावाचे आकडे तर सोडूनच द्या. ‘डीएलजी १२०’ असेल तर तिथे वेग वाढवताना उभ्या दिशेचं रेझोल्यूशन निम्मं होतं. नुसत्या मालिका, बातम्या, सिनेमे पाहणाऱ्यांना ६० पुरतो. क्रिकेट, फुटबॉल भरपूर असेल तर मूळ १२०च्या पॅनलचा फायदा कळतो. चेंडू सीमारेषेकडे पळतो तेव्हा त्याची शेपटी कमी दिसते. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल तर मूळ १२० आणि एचडीएमआय २.१ (१२० हर्ट्झचं ४के चित्र नेणारा पोर्ट) दोन्ही बघा, आणि २.१चे पोर्ट किती ते मोजा.

‘एचडीआर’ (उजळ आणि गडद भागांतला फरक अधिक ठळक दाखवणारं चित्र) हा शब्द आता सगळ्यात स्वस्त टीव्हीवरही असतो. त्याचा अर्थ एवढाच की टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो. दाखवायला ब्राइटनेस लागतो, तो निट्समध्ये मोजतात. २५०-३०० निट्सच्या टीव्हीवर एचडीआर लावलं तर चित्र उलट काळवंडतं. बऱ्या मिनी एलईडीत हजाराच्या वर जातो, तिथे खरा फरक दिसतो. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार हवाच असेल तर सॅमसंगच्या टीव्हीत तो मिळत नाही, त्यांचा भर एचडीआर१०प्लस या दुसऱ्या प्रकारावर आहे.

८के (४केच्याही चौपट पिक्सेल) घेऊ नका. त्यात पाहण्यासारखे कार्यक्रम जवळपास नाहीतच आणि सोफ्यावरून फरक दिसत नाही.

७. दुकानात काय करायचं

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा किंवा जवळच्या मोठ्या शोरूमला, पण शनिवार-रविवार टाळा. आठवड्यातल्या दुपारी सेल्समनला वेळ असतो आणि तो रिमोट हातात देतो.

शोरूममधल्या टीव्हीवर कंपनीचा डेमो चालू असतो: फुलपाखरं, रंगांचे फवारे, बर्फाचे डोंगर. वरून ट्यूबलाइटचा लख्ख उजेड आणि व्हिविड मोड. त्यात सगळे टीव्ही सुंदरच दिसतात. पेनड्राइव्हवर तीन गोष्टी घेऊन जा: अंधारातल्या दृश्याची एक क्लिप, क्रिकेटच्या मैदानाची एक क्लिप आणि अख्खा राखाडी रंगाचा एक फोटो. डेमो बंद करायला लावा, मोड ‘सिनेमा’ करा आणि हे चालवा. राखाडी फोटोत डाग आणि पट्टे दिसतात का बघा. मैदानावर कॅमेरा फिरताना हिरव्यात मळकट रेघा सरकतात का बघा. मग दोन पावलं बाजूला व्हा आणि दिवाणावर बसलेल्या माणसाच्या कोनातून पाहा. शेवटी एक साधं एसडी चॅनल लावायला सांगा. सेल्समन थोडा नाराज होईल, तरी आग्रह धरा, कारण घरी तेच दिसणार आहे.

पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, शेवटच्या अक्षरांसह. एकाच सिरीजमध्ये ४३ इंचाला एक पॅनल आणि ५५ला दुसरं असू शकतं. आणि ऑनलाइनसाठी वेगळा नंबर, दुकानासाठी वेगळा, असं केलं की किमतींची तुलनाच करता येत नाही. अशा वेळी नंबरऐवजी पॅनल, मूळ हर्ट्झ, झोन आणि पोर्ट यांची तुलना करा.

८. पैशांचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्यामुळे ‘मूळ किंमत’ म्हणून खोडलेला आकडा त्याआधीचा असेल तर त्यावरची सूट ही सूट नव्हे. नवी मॉडेल साधारण उन्हाळ्याच्या सुमारास आपल्याकडे येतात, तेव्हा गेल्या वर्षीची उतरतात. गेल्या वर्षीचा वरच्या दर्जाचा टीव्ही यंदाच्या मधल्या दर्जापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला सौदा असतो. माझी पसंती त्यालाच.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज दुकान किंवा कंपनी सवलत म्हणून भरते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याकडून जाते. रोख किंवा एकरकमी कार्डावर जास्त सूट मिळते का ते आधी विचारा, मग दोन्ही आकडे शेजारी लिहा.

विजेचा हिशेब सोपा. १२० वॅटचा टीव्ही रोज सहा तास चालला तर महिन्याला २२ युनिट होतात. बेस्ट, अदानी, टाटा की महावितरण, तुमच्या बिलातल्या वरच्या स्लॅबचा दर त्याला लावा. मोठे, लख्ख टीव्ही याहून बरंच जास्त घेतात, म्हणून मागचा वॅटचा आकडा वाचा. टीव्हीबरोबर चांगला स्पाइक गार्ड घ्या, पावसात वीज जाते-येते तेव्हा तोच वाचवतो.

कागदपत्रं: ईएमआय घेणार असाल तर पॅन, आधार, कॅन्सल चेक किंवा कार्ड. घेतल्यावर सीरियल नंबर असलेलं जीएसटी बिल आणि दुकानाच्या शिक्क्याचं वॉरंटी कार्ड. जादा वॉरंटी घेतली तर तिचा वेगळा कागद, आणि ती कंपनीची आहे की तिसऱ्याच विमावाल्याची, हे विचारून. एक्सचेंज दिलं असेल तर जुन्या टीव्हीची किंमत बिलावर लिहिलेली हवी.

९. लिफ्ट, जिना, भिंत

५५ इंची टीव्हीचा खोका साडेचार फुटांच्या आसपास लांब असतो, ६५चा सव्वापाच फुटांच्या वर, ७५चा सहा फूट. लिफ्टची आतली रुंदी, खोली आणि दाराची उंची मोजा. जुन्या इमारतींतल्या जाळीच्या लिफ्टमध्ये ६५ जाईलच असं नाही. मग जिन्याचं वळण मोजा. खोका कायम उभा न्यायचा, आडवा केला की पॅनल वाकू शकतं. डिलिव्हरी वरपर्यंत आहे की गेटपर्यंतच, हे बिल करतानाच लिहून घ्या, नाहीतर हमालीवरून खाली वाद होतो.

भिंत विटांची की जिप्समच्या पार्टिशनची ते टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर त्यावर टांगू नका, मागे प्लायवूडचा आधार घ्यावा लागेल. ब्रॅकेट खोक्यात आहे का, बसवायचे पैसे वेगळे का, तेही आधी विचारा.

१०. टीव्ही घरी आल्यावर

खोका कंपनीच्या माणसासमोरच उघडा आणि मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: सीलपासून पडदा पेटेपर्यंत. पॅनलला बाहेरून तडा असेल तर नंतर कोणी ऐकत नाही. पेनड्राइव्हवरचा राखाडी फोटो पुन्हा लावा, मग एकदा पूर्ण काळा आणि एकदा पूर्ण पांढरा. सगळे एचडीएमआय पोर्ट चालतात का बघा, कारण एखादा बंद निघाला तर ते महिन्यांनी कळतं. खोका आणि थर्माकोल परत करायची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

शोरूम मोड लागलेला असेल तर होम मोड करा. ब्राइटनेस आपोआप कमी करणारा इको मोड दिवसा बंद करून बघा, चित्र अंधारलेलं वाटण्याचं ते नेहमीचं कारण. तक्रार केली आणि दुकान-कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत राहिले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिल, सीरियल नंबर आणि तो व्हिडिओ जवळ ठेवून फोन करा.

जुना टीव्ही चालू असेल तर एक्सचेंजच्या तुटपुंज्या रकमेपेक्षा गावी किंवा कामाला येणाऱ्या मावशींना दिलेला बरा. देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रिसेट करा, नाहीतर तुमचं नेटफ्लिक्स, यूट्यूब आणि वायफायचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. बंद असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, सुरुवातीच्या एलसीडींच्या ट्यूबमध्ये पारा, आणि ते गल्लीत फोडले जातात. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे कंपन्यांवर जुना माल गोळा करून त्याची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी आहे. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून ‘ई-वेस्ट पिकअप’ मागा, आणि नेणाऱ्याकडून पावती घ्या.